स्पार्क प्लग किती आवळावा आणि कसा आवळावा?



पेट्रोल इंजिनावर चालणारी लहान यंत्रे आता बहुतेक गावांत पोचली आहेत. फवारणीचा पॉवर पंप, ब्रश कटर, पॉवर विडर, ओढ्याचे पाणी उचलणारा पंप ही त्यांतील नेहमीची नावे होत. मोटारसायकल तर घरोघरी आहे आणि अनेकांच्या दारात मोटारगाडीही आहे. या सर्व यंत्रांत एक लहानसा पण अत्यंत महत्त्वाचा भाग समान असतो, तो म्हणजे स्पार्क प्लग. यंत्र सुरू झाले नाही की आपला हात प्रथम त्याच्याकडेच जातो. प्लग काढायचा, पुसायचा, परत बसवायचा आणि पाना जोराने आवळायचा, अशी सर्वसाधारण पद्धत आढळते. यातील शेवटची क्रिया, म्हणजे प्लग आवळणे, ही सर्वांत कमी लक्ष देऊन केली जाते. परंतु इंजिनाचे सर्वांत मोठे नुकसान याच क्रियेत होऊ शकते.

पीकशास्त्राचा विषय शिकविणाऱ्या व्यक्तीने प्लगवर का लिहावे, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण सोपे आहे. पीक संरक्षण आणि आंतरमशागत या दोन्ही कामांत औषधाइतकेच किंवा अवजाराइतकेच वेळेला महत्त्व आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग फुटव्यावर असताना पाऊस झाला, तर केवड्यासाठीची फवारणी चार दिवसांनी करून चालत नाही. सोयाबीनमध्ये दोन पावसांमध्ये जेमतेम वाफसा येतो आणि त्या दोन-तीन दिवसांत कोळपणी झाली नाही तर तण पिकाच्या वर जाते. अशा वेळी पंपाच्या हेडमधील आटे मेले म्हणून यंत्र तालुक्याच्या गावी दुरुस्तीला गेले, तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. यास्तव प्लग योग्य रीतीने आवळण्याचे तंत्र प्रत्येक यंत्रधारकाने समजून घेणे जरुरीचे आहे.

कोणत्या यंत्रात स्पार्क प्लग असतो?

पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण पेटविण्यासाठी बाहेरून ठिणगी द्यावी लागते. ती देण्याचे काम स्पार्क प्लग करतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. त्यामुळे आपला ट्रॅक्टर, डिझेल पॉवर टिलर किंवा विहिरीवरील डिझेल इंजिन यांना स्पार्क प्लग नसतो. काही डिझेल इंजिनांत हीटर प्लग असतो, परंतु त्याचे काम वेगळे आहे. प्रस्तुत लेखातील माहिती हीटर प्लगला लागू करू नये.

प्लगची रचना

प्लगचे चार भाग ध्यानात ठेवावेत. मध्यभागी इलेक्ट्रोड असतो. त्याच्याभोवती पांढऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाचे आवरण असते. त्याच्या बाहेर लोखंडी कवच असून कवचाच्या वरच्या अंगाला पाना लावण्याची षट्कोनी जागा व खालच्या अंगाला आटे असतात. आट्यांच्या टोकाशी वाकवलेली तार म्हणजे बाजूचा इलेक्ट्रोड. मधला व बाजूचा इलेक्ट्रोड यांत जी मोकळी जागा असते तीत ठिणगी पडते. तिला आपण गॅप म्हणतो.

प्लग हेडवर टेकतो त्या जागेवरून प्लगचे दोन प्रकार पडतात.

(१) वायसरचा प्लग : आट्यांच्या वर एक वायसर असतो. हा वायसर भरीव नसून पत्रा दुमडून केलेला, आतून पोकळ असतो. प्लग आवळला की तो चेपला जातो आणि फट बंद करतो. आपल्या बहुतेक लहान यंत्रांत व मोटारसायकलींत हाच प्रकार असतो.

(२) उतरत्या बैठकीचा प्लग : याला वायसर नसतो. आट्यांच्या वरचा भाग कण्यासारखा निमुळता असतो आणि हेडमधील तशाच निमुळत्या जागेत तो घट्ट बसतो. काही मोटारगाड्यांत हा प्रकार आढळतो. अशा प्लगला वायसर नाही म्हणून बाहेरचा वायसर कधीही घालू नये.

हे दोन प्रकार ओळखता येणे हीच योग्य आवळणीची पहिली पायरी होय, कारण दोहोंना लागणारा फेरा अगदी वेगळा आहे.

प्लग आवळतो म्हणजे नेमके काय करतो?

प्लग पडू नये म्हणून तो आवळायचा, एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात आवळणी तीन कामे करते. पहिले काम, सिलिंडरमधील दाब बाहेर जाऊ न देणे. दुसरे, इंजिनाच्या हादऱ्यांनी प्लग सैल न होऊ देणे. तिसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण ते तितकेच महत्त्वाचे आहे. ते म्हणजे प्लगची उष्णता हेडमध्ये पोचविणे. प्लगच्या टोकाशी प्रत्येक स्फोटाची धग लागते. ही उष्णता आटे व वायसर यांच्यामार्गे हेडमध्ये आणि तेथून हवेत किंवा पाण्यात जाते. प्लग व हेड यांचा धातूला धातू नीट टेकलेला असेल तरच हा मार्ग मोकळा राहतो.

सैल राहिला तर : उष्णता बाहेर जात नाही. प्लगचे टोक लाल होण्याइतके तापते आणि ठिणगी पडण्याअगोदरच मिश्रण त्या तापलेल्या टोकाने पेट घेते. इंजिन ठोके देते, शक्ती कमी पडते आणि हे असेच चालू राहिले तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकते. शिवाय फटीतून निघणारे गरम वायू आटे खातात. दोरी ओढताना 'फस्' असा आवाज येणे किंवा प्लगच्या बुडाशी काळे, तेलकट डाग दिसणे ही प्लग सैल असल्याची लक्षणे आहेत.

जास्त आवळला तर : प्लगचे कवच आटे व षट्कोन यांच्यामधील बारीक जागी ताणले जाते. कवच व चिनी मातीचे आवरण यांमधील पकड ढिली होते आणि प्लग आतूनच गळू लागतो. वायसर पूर्ण चपटा होऊन त्याचा लवचिकपणा संपतो. सर्वांत मोठा धोका आट्यांना असतो. आजच्या लहान इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि प्लगचे कवच पोलादाचे. दोघांची झुंज लागली तर हार ॲल्युमिनियमचीच होते. प्लग थोड्या पैशांत मिळतो, हेड मिळत नाही.

थोडक्यात, 'जितका घट्ट तितका चांगला' हा समज सोडून द्यावा. पिकाला पाणी कमी पडले तरी उत्पादन घटते आणि जास्त झाले तरी मुळ्या कुजतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

योग्य प्लगची निवड

चुकीचा प्लग कितीही काळजीने आवळला तरी उपयोग नाही. खरेदी करताना पुढील चार बाबी पाहाव्यात.

आट्यांचा व्यास : १४, १२ व १० मिलिमीटर हे नेहमीचे व्यास आहेत. जुन्या इंजिनांत १८ मिलिमीटरही आढळतो.

आट्यांची लांबी : लांबी कमी असेल तर ठिणगी हेडच्या भोकातच लपते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरते. लांबी जास्त असेल तर पिस्टन प्लगवर आपटण्याची भीती असते. जुना व नवा प्लग शेजारी धरून ही लांबी डोळ्यांनी ताडून पाहावी.

उष्णता क्रमांक : प्लग आपली उष्णता किती वेगाने सोडतो हे या क्रमांकावरून कळते. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये क्रमांक वाढला की प्लग अधिक 'थंड' असतो. बॉशच्या प्लगमध्ये याच्या उलट, क्रमांक वाढला की प्लग अधिक 'गरम' असतो. आपल्याकडे ज्यांना 'मायको प्लग' म्हणण्याची सवय आहे ते हेच, कारण त्या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश लिमिटेड झाले आहे. म्हणून कंपनी बदलताना केवळ आकडा जुळवू नये. दुकानातील जुळणीचा तक्ता पाहावा.

बैठकीचा प्रकार : वायसरचा की निमुळता, हे वर सांगितल्याप्रमाणे पाहावे.

प्लगवरील अक्षरांत ही माहिती दिलेली असते. उदाहरणार्थ, एनजीकेचा 'बीपीआर ६ ईएस' हा प्लग घ्या. यात 'बी' म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे, 'आर' म्हणजे रेडिओत खरखर होऊ न देणारा रोधक, '६' हा उष्णता क्रमांक आणि 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे. 'सीआर ७ एचएसए' या प्लगमध्ये 'सी' म्हणजे १० मिलिमीटर व्यास व 'एच' म्हणजे १२.७ मिलिमीटर लांबी. पहिल्याला सुमारे २१ मिलिमीटरचा पाना लागतो, तर दुसऱ्याला १६ मिलिमीटरचा. दोहोंवर सारखाच जोर लावला तर काय होईल, हे या आकड्यांवरूनच ध्यानात यावे.

प्लग काढताना घ्यावयाची काळजी

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम हेडमधून प्लग काढताना ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर ओरबाडून निघण्याचा धोका असतो. हात भाजतो तो वेगळाच.

२. इंजिनाचा स्विच बंद करावा. प्लगची टोपी सरळ वर ओढून काढावी. वायरला धरून ओढू नये.

३. प्लगभोवतीची जागा पाना लावण्यापूर्वी स्वच्छ करावी. शेतातील यंत्रावर या जागी माती, भुसा, गवताचे तुकडे व औषधाची पावडर साचलेली असते. प्लग निघाला की हा कचरा सरळ सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टनच्या रिंगा घासून टाकतो. सायकलच्या पंपाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने जागा फुंकून घ्यावी. डोळ्यांवर चष्मा असावा.

४. पाना षट्कोनावर पूर्ण खाली बसवून मगच फिरवावा. पाना तिरका राहिला तर चिनी मातीचे आवरण तडकते.

५. प्लग फिरण्यास जड गेला तर एका दमात ओढू नये. आट्यांशी थोडे गंज सोडविणारे तेल सोडून थांबावे. नंतर अर्धा फेरा उलटा, पाव फेरा सुलटा असे करत हळूहळू काढावा.

६. जुना वायसर प्लगबरोबर बाहेर आला की नाही हे आवर्जून पाहावे. तो भोकाच्या तोंडाशी चिकटून राहिला आणि त्यावर नव्या प्लगचा वायसर बसला, तर दोन वायसर होतात. प्लग नीट टेकत नाही आणि ठिणगीची जागाही वर सरकते.

तपासणी व गॅप

काढलेल्या प्लगचे टोक इंजिनाची प्रकृती सांगते. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. ओलसर, तेलकट काळा थर असेल तर तेल जळत आहे. दोन स्ट्रोकच्या इंजिनात मिश्रणात तेल जास्त पडले असेल, तरी असेच दिसते. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक म्हणजे प्लग तापला आहे. याच्या कारणांत हवेची गळती व पेट्रोल कमी पडणे यांबरोबर प्लग सैल राहणे हेही एक कारण आहे, हे विसरू नये.

गॅप फिलर गेजने मोजावी. ती किती असावी हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. उदाहरणार्थ, पॉवर विडर व पाण्याचे पंप यांवर वापरल्या जाणाऱ्या होंडाच्या जीएक्स १६० इंजिनासाठी ती ०.७ ते ०.८ मिलिमीटर आहे. गॅप कमी-जास्त करताना फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवावा. मधल्या इलेक्ट्रोडवर जोर दिला तर आवरण तडकते. इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या प्लगचे टोक फार बारीक असते, त्यात गेज कोंबू नये. नवा प्लग जमिनीवर पडला असेल तर गॅप तपासावी, आणि आवरणावर बारीक तडा दिसला तर तो प्लग वापरू नये.

प्लग बसविण्याची पद्धत

पहिली पायरी : हेडमधील आटे व टेकण्याची जागा कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावी. फडक्याचे धागे आत राहू देऊ नयेत.

दुसरी पायरी : प्लग हाताने सुरू करावा. प्लग भोकात सरळ उभा ठेवून प्रथम हलकेच उलटा फिरवावा. आट्याची सुरुवात जुळते तेव्हा प्लग किंचित खाली बसल्याची जाणीव होते. तेथून सुलटा फिरवावा. ही युक्ती कोणत्याही नट-बोल्टला उपयोगी आहे.

तिसरी पायरी : प्लग खोल जागी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवावा आणि नळी बोटांनी फिरवून प्लग आत घालावा. आटे तिरके चढू लागले तर नळी प्लगवर नुसतीच फिरते, प्लग पुढे जात नाही. पाना मात्र तिरक्या आट्यांवरही जोर लावून प्लग आत घालतो आणि आटे मारतो. म्हणूनच 'बोटांनी जाईल तेवढा बोटांनीच' हा नियम पाळावा. पहिले काही फेरे तर पान्याने कधीही देऊ नयेत.

चौथी पायरी : प्लग हाताने पूर्ण खाली टेकेपर्यंत फिरवावा. तो टेकला की पुढे जात नाही. ही जागा म्हणजे आपला 'शून्य'. येथून पुढचा फेरा मोजायचा. आटे अस्वच्छ असले तर प्लग टेकण्यापूर्वीच जड होतो आणि शून्य चुकतो. तसे वाटल्यास प्लग काढून आटे पुन्हा साफ करावेत.

पाचवी पायरी : आता पाना लावून खाली दिलेल्या प्रमाणात आवळावा.

किती फेरा द्यावा?

घरोघरी टॉर्क पाना नसतो. पण घड्याळ सर्वांना ठाऊक आहे. पान्याचा दांडा १२ वर आहे असे समजून पुढीलप्रमाणे फिरवावा.

• वायसरचा नवा प्लग : अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. म्हणजे दांडा १२ वरून ६ ते ८ वर यावा. लहान व्यासाच्या प्लगसाठी अर्ध्या फेऱ्यावर थांबणे सुरक्षित असते.

• वायसरचा तोच प्लग पुन्हा बसवताना : सुमारे एक बारांश फेरा. म्हणजे दांडा १२ वरून फक्त १ वर यावा.

• निमुळत्या बैठकीचा प्लग, नवा किंवा जुना : सुमारे एक सोळांश फेरा. म्हणजे १२ वरून १ च्याही अलीकडे.

नव्या व जुन्या प्लगमध्ये एवढा फरक का, हे समजून घेतले तर आकडे पाठ करावे लागत नाहीत. १४ मिलिमीटरच्या प्लगचे आटे १.२५ मिलिमीटर अंतराचे असतात. याचा अर्थ प्लगने एक पूर्ण फेरा घेतला की तो १.२५ मिलिमीटर खाली उतरतो. अर्ध्या फेऱ्यात तो सुमारे ०.६ मिलिमीटर उतरतो आणि हे अंतर नवा, पोकळ वायसर चेपला गेल्यामुळे मिळते. जुना वायसर अगोदरच चेपलेला असतो. त्याला उतरायला जागाच नसते. एक बारांश फेऱ्यात तो केवळ ०.१ मिलिमीटर उतरतो आणि तेवढ्यातच पकड येते. जुन्या प्लगला नव्यासारखा अर्धा फेरा दिला तर तो उरलेला सगळा ताण आट्यांवर पडतो. आपल्याकडे आटे मरण्याचा प्रकार बहुधा असाच घडतो. प्लग साफ करून परत बसवताना हात मात्र नव्या प्लगच्या सवयीने चालतो.

यंत्राच्या पुस्तिकेत किंवा प्लगच्या खोक्यावर वेगळे प्रमाण दिले असेल तर ते प्रमाण मानावे. उदाहरणार्थ, वर उल्लेखिलेल्या जीएक्स इंजिनासाठी कंपनीने नव्या प्लगला अर्धा फेरा व जुन्याला एक अष्टमांश ते पाव फेरा सांगितला आहे.

टॉर्क पाना असल्यास

आवळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. तो न्यूटन-मीटर किंवा किलो-मीटर या मापात देतात. १ किलो-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, कोरड्या आट्यांवर बसविल्या जाणाऱ्या प्लगसाठी सर्वसाधारण प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

१८ मि.मी., वायसरचा : ३५ ते ४० न्यूटन-मीटर
१४ मि.मी., वायसरचा : २५ ते ३० न्यूटन-मीटर
१२ मि.मी., वायसरचा : १५ ते २० न्यूटन-मीटर
१० मि.मी., वायसरचा : १० ते १२ न्यूटन-मीटर
१४ मि.मी., निमुळता : १० ते २० न्यूटन-मीटर

यावरून दिसून येईल की, १० मिलिमीटरच्या प्लगला १४ मिलिमीटरच्या प्लगच्या निम्म्याहूनही कमी जोर लागतो. येथेही इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडा वेगळा असेल तर तोच घ्यावा.

ताणकाट्याचा उपयोग

टॉर्क पाना नसला तरी बऱ्याच घरांत वजन करण्याचा ताणकाटा असतो. त्याने हाताला योग्य जोराची ओळख करून देता येते. प्लगच्या मध्यापासून पान्याच्या दांड्यावर २० सेंटिमीटर अंतरावर खूण करावी. त्या खुणेवर ताणकाट्याचा आकडा अडकवून दांड्याशी काटकोनात ओढावे. काटा १२.५ किलो दाखवील तेव्हा २० सेंटिमीटर गुणिले १२.५ किलो म्हणजे २.५ किलो-मीटर, अर्थात सुमारे २५ न्यूटन-मीटर जोर लागलेला असतो. हा १४ मिलिमीटरच्या प्लगला पुरेसा आहे. १० मिलिमीटरच्या प्लगला याच ठिकाणी फक्त ५ किलो ओढ पुरते. ओढताना दुसऱ्या हाताने पान्याचे डोके दाबून धरावे, म्हणजे पाना तिरका होणार नाही.

५ किलो ओढ म्हणजे किती थोडी, हे एकदा करून पाहिल्याशिवाय पटत नाही. आता याच पान्याला पाईप लावून दांडा ४० सेंटिमीटर केला, तर तेवढ्याच ओढीने जोर दुप्पट होतो. प्लगसाठी पान्याला पाईप लावू नये, असे सांगण्याचे कारण हेच. याउलट, खोल प्लगसाठी सॉकेटला जो उभा एक्स्टेन्शन रॉड लावतात त्याने जोर वाढत नाही, कारण आडव्या दांड्याची लांबी तेवढीच राहते.

आट्यांना तेल-ग्रीस लावावे काय?

प्लग अडकू नये म्हणून ग्रीस लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आढळते. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर गंज रोखणारा मुलामा असतो, त्यामुळे ग्रीसची गरज नसते. शिवाय आवळण्याचे आकडे कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात. आटे ओशट झाले की घर्षण कमी होते आणि तेवढ्याच जोराने प्लग अधिक ताणला जातो. म्हणजे आपण योग्य आकड्यावर थांबूनही प्लग जादा आवळला जातो. पुस्तिकेत स्पष्ट सांगितले असेल तरच असे द्रव्य लावावे आणि त्या वेळी टॉर्कही पुस्तिकेप्रमाणे कमी करावा.

मोटारगाडीच्या बाबतीत

गाडीचे तत्त्व वेगळे नाही, फक्त प्लगची संख्या जास्त असते. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० ला तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. चार सिलिंडरच्या गाडीला बहुधा चार. जुन्या गाडीत प्रत्येक प्लगला वेगळी वायर येते. अशा वेळी एका वेळी एकच प्लग काढून बसवावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. तिचा बोल्ट व जोडणीचा क्लिप जपून काढावा आणि त्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर सोडावी. या गाड्यांत प्लग खोल विहिरीसारख्या जागेत असतो. तेथे हवा मारल्याशिवाय प्लग सैल करू नये आणि नवा प्लग वरून टाकू नये. तो रबर असलेल्या सॉकेटमध्ये धरून हळूच खाली सोडावा. एका गाडीतील सर्व प्लग एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलावेत. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर हे काम अधिकृत केंद्रातूनच करून घेणे हिताचे ठरते.

बसवल्यानंतर

प्लगची टोपी 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. इंजिन काही मिनिटे चालवून पाहावे. ते गरम असताना 'आणखी थोडा' म्हणून प्लग पुन्हा आवळू नये. ठिणगी तपासायची झाल्यास प्लग हेडच्या धातूला टेकवून, परंतु उघड्या भोकापासून दूर धरून तपासावी. भोकातून निघणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. टोपी नुसती हातात धरून दोरी ओढू नये, जोराचा झटका बसतो.

आटे गेले असल्यास

प्लग आवळताना पकड येत-येत अचानक सैल वाटला, तर आटे गेले असे समजून तेथेच थांबावे. अशा वेळी आट्यांना सुतळी, दोरा किंवा टेप गुंडाळून अथवा एम-सील लावून प्लग बसविण्याचे प्रकार आढळतात. हे उपाय धोक्याचे आहेत. प्लगची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि दाबाने प्लग उडून कोणाला इजा होऊ शकते. चांगल्या कार्यशाळेत हेडमध्ये नवे आटे पाडून त्यात पोलादी सर्पिल आटे बसवून मिळतात. हे काम शक्यतो हेड उतरवून करून घ्यावे, म्हणजे धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडत नाही. एवढ्यावर भागले तर नवे हेड घेण्याचा खर्च वाचतो.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. इंजिन थंड, जागा स्वच्छ, आटे कोरडे.
२. प्लगचा व्यास, आट्यांची लांबी, उष्णता क्रमांक व बैठक जुन्या प्लगशी जुळवावी.
३. प्लग टेकेपर्यंत बोटांनीच फिरवावा.
४. नवा वायसर : ६ ते ८ वर. जुना वायसर : १ वर. निमुळता : १ च्या अलीकडे.
५. पान्याला पाईप लावू नये. आट्यांना ग्रीस लावू नये.
६. सैल वाटल्यास थांबावे, जुगाड करू नये.

हंगामापूर्वी बियाणे व औषधांची तयारी आपण करतो, त्याच यादीत प्रत्येक पेट्रोल यंत्रासाठी एक योग्य क्रमांकाचा प्लग, त्या मापाचा प्लग पाना व फिलर गेज यांची भर घालावी. यंत्राच्या टाकीजवळ रंगाने प्लगचा क्रमांक, गॅप व लागणारा फेरा लिहून ठेवावा. घरातील मुले किंवा सालगडी यंत्र हाताळत असतील तर त्यांनाही हे आकडे दाखवून एकदा समक्ष प्लग बसवून घ्यावा. फवारणीच्या दिवशी, पहाटे, डोक्यावर ढग असताना दुकान उघडे नसते आणि मेकॅनिकही सापडत नाही. त्या वेळी आपल्या हाताला अर्धा फेरा आणि एक बारांश फेरा यांतील फरक ठाऊक असेल, तर यंत्र बांधावर अडून बसणार नाही.